पोरं जेवली का?

कॉलेजांचा इतिहास लिहिताना आपण इमारती लिहितो, प्राचार्य लिहितो, निकाल लिहितो. मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, त्यामुळे माझी नजर आधी स्वयंपाकघराकडे जाते. खेड्यातलं पोर पदवीपर्यंत पोचलं ते कुणीतरी त्याच्या भाकरीची सोय लावली म्हणून, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

जुन्या पुण्यात गरीब ब्राह्मण मुलगा वार लावून जेवायचा, नाहीतर माधुकरी मागायचा. त्यात अपमान पुष्कळ होता, पण शिक्षण पुरं व्हायचं. कुणब्याच्या पोराला असं दार कोण उघडणार? आणि ज्याची सावलीही चालत नव्हती त्याला?

कोल्हापुरात राजाराम कॉलेज होतं. पण बहुजनांची मुलं तिथं राहणार कुठं आणि खाणार काय, ही खरी अडचण होती. राजर्षी शाहूंनी ती हेरली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आलं. ही जातवार मांडणी आज वाचताना मला टोचते. तरीही वाटतं, त्या काळी एकच पंगत मांडली असती तर निम्मे पालक मुलं घेऊन गावी परतले असते. महाराजांनी आधी मुलं शहरात टिकवली.

पंगत एक करण्याचं काम तिथल्याच एका विद्यार्थ्यानं पुढे नेलं. भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला ते गेले, परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंगला मुकले. १९१९ साली कराडजवळ काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं.

या बोर्डिंगाचा चेहरा म्हणून भाऊरावांची दाढी आणि घोंगडी सगळ्यांना आठवते. मला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवतात. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईनं सगळ्या जातींच्या पोरांना आपल्या चुलीशी घेतलं. धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० साली त्या गेल्या. रयतच्या पहिल्या दशकाचा हिशेब लिहायचा तर तो त्यांच्या चुलीपासून लिहावा लागेल.

१९४७ साली साताऱ्यात शिवाजी कॉलेज निघालं आणि ‘कमवा आणि शिका’ कॉलेजच्या पातळीवर आलं. मुलानं शेतात राबायचं, मिळेल त्यावर शिकायचं. माझ्या लेखी याची किंमत फीमाफीहून मोठी आहे. फुकटचं खाताना मान खाली जाते. माझ्याकडच्या मदतीवर शिकणाऱ्या मुली ताटात दुसरी पोळी मागत नसत. वाचनालयात काम मिळालं की त्याच मुली मोकळ्या आवाजात बोलू लागत. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली, तिथंही श्रमाला हेच स्थान मिळालं.

रेक्टर म्हणून मी मेसचं रजिस्टर रोज पाहत असे. सलग दोन वेळा एखादीची खूण नसली की तिच्या खोलीवर जायचं. बहुतेक वेळा डोकं दुखत असायचं. कधी घरून लग्नाचा तगादा असायचा, कधी नापास झाल्याचं कुणाला सांगितलेलं नसायचं. आज कॉलेजांत समुपदेशक असतात, ते हवेतच. पण मुलगी त्यांच्या दारापर्यंत जाण्याआधी कितीतरी दिवस जेवण टाळत असते.

आता पुण्याच्या पेठांत हजारो मुलं कॉट बेसिसवर राहतात. दिवसभर अभ्यासिका, रात्री डबा. डबा परत गेला तर तो का गेला, हे विचारायला तिथं कुणी नाही. ज्या कॉलेजांत या मुलांची नावं आहेत त्यांनी निदान आपल्या बाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी करावी आणि प्रत्येक वीस-पंचवीस जणांमागे एक शिक्षक नेमावा. महिन्यातून एकदा त्यानं त्या खोल्यांवर जाऊन यावं, जेवणाच्या वेळी.