भौतिकशास्त्र (बी.एस्सी.चा मुख्य विषय)

महाराष्ट्रातील विद्यापीठांत विज्ञान पदवीसाठी घेतला जाणारा विषय. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या रचनेत एफ.वाय.ला तीन, एस.वाय.ला दोन आणि टी.वाय.ला एकच विषय उरे. त्यामुळे निवड एका दिवशी होत नसे, विषय गळत जात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मेजर-मायनर पद्धत व चौथे, ऑनर्सचे वर्ष आले.

निवड : जोडीला गणित ठेवावे की रसायन, हा खरा प्रश्न. गणित सोडलेल्यांना एम.एस्सी.च्या पहिल्याच सत्रात क्वांटम मेकॅनिक्स जड जाते. अभियांत्रिकीची सीट हुकलेल्यांचा हा विषय, असा समज आहे. त्याबाबत मतभेद आहेत. होमी भाभांचे उदाहरण उलटे : केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकताना त्यांनी वडिलांकडे भौतिकशास्त्राचा हट्ट धरला आणि 1930 मध्ये आधी इंजिनिअरिंगची परीक्षा उत्तम रीतीने पार पाडून तो पुरा करून घेतला.

पुढील शिक्षण : आय.आय.टी.मधील एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा. महाविद्यालयीन अध्यापनासाठी नेट किंवा सेट (महाराष्ट्र व गोव्यासाठी सेट पुणे विद्यापीठ घेते). शाळेसाठी बी.एड.

वैद्यकीय भौतिकी : करिअरच्या मार्गदर्शनात हिचे नाव क्वचित निघते, हे अनाकलनीय आहे. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या रुग्णालयाला वैद्यकीय भौतिकतज्ज्ञाशिवाय चालत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अटींनुसार त्याच्याकडे बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र मुख्य विषयांत, नंतर भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी, त्यावर रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका आणि किरणोपचार विभागातील वर्षभराची इंटर्नशिप लागते (मेडिकल फिजिक्समध्येच एम.एस्सी. हा पर्यायही आहे). म्हणजे टी.वाय.चा निर्णय इथवर पुरतो. ही पदविका मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्र चालवते.

काम असे : पाण्याच्या टाकीत, म्हणजे फँटममध्ये, 10 सेंमी. खोलीवर आयन चेंबर ठेवायचा, 10 × 10 सेंमी. क्षेत्रावर किरण सोडायचे आणि इलेक्ट्रोमीटरवर प्रभार वाचायचा. चेंबरमधील हवेची घनता हवामानानुसार बदलते, म्हणून खोलीतले तापमान व वायुदाब टिपून दुरुस्ती लावायची. मगच मात्रा निघते. इथली दोन-तीन टक्क्यांची चूक थेट रुग्णाच्या शरीरात जाते. महाविद्यालयात प्रात्यक्षिकांच्या जर्नलमधला त्रुटींचा हिशेब शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून सही मिळवता येते, इथे नाही. रोजच्या तपासण्या, प्रत्येक रुग्णाच्या उपचारयोजनेतील मात्रेचे गणित आणि कर्मचाऱ्यांच्या डोसीमीटर बॅजच्या नोंदी याच माणसाकडे असतात. रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरची जबाबदारीही बहुधा त्याच्यावरच येते, तीही मंडळाच्या मान्यतेने.

संशोधन : टी.आय.एफ.आर., आयुका, खोडद येथील जी.एम.आर.टी. चालवणारे एन.सी.आर.ए. इ. पीएच.डी. आवश्यक.

सरकारी नोकऱ्या : एअर ट्रॅफिक कंट्रोलसाठी विमानतळ प्राधिकरण भौतिकशास्त्र व गणितासह बी.एस्सी. झालेल्यांना घेते.

सॉफ्टवेअर : पदवीधरांपैकी बरेच जण इकडे वळतात.