पुष्पबागेचे उघडे दार

बडोद्याच्या मराठी घरांत कलाभवनाचे नाव आजही आदराने घेतले जाते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली ते सुरू केले आणि दादासाहेब फाळके तिथे शिकले, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पुढचा इतिहास मात्र आपल्या बोलण्यात क्वचितच येतो.

बाहेरचा मोठा कलावंत बोलावून त्याच्याकडून गावात काम करून घ्यायचे, ही महाराजांची रीत. राजा रविवर्म्यांनी त्यांच्यासाठी पौराणिक चित्रे काढली. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस महाराजांच्या निमंत्रणावरून आले आणि १९३९ पासून त्यांनी कीर्तिमंदिराच्या भिंतींवर गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा आणि महाभारतातील युद्ध रंगवले.

१९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले. श्रीमती हंसाबेन मेहता कुलगुरू होत्या. पुढच्याच वर्षी पुष्पबागेच्या बंगल्यात फाइन आर्ट्स फॅकल्टी सुरू झाली. चित्रकला विभागाची धुरा आली नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याकडे. बेंद्रे मूळचे इंदूरचे, देवळालीकर मास्तरांचे विद्यार्थी. म्हणजे होळकरांच्या गावचा मराठी माणूस गायकवाडांच्या गावी शिकवायला आला. १९६६ पर्यंत ते इथे होते. शिल्पकलेला शंखो चौधुरी आणि चित्रकलेला के. जी. सुब्रमण्यन हे शांतिनिकेतनचे दोघे लाभले.

बेंद्रे सरांनी शिक्षक-विद्यार्थी हे अंतर फार मानले नाही. १९५६ साली ‘बडोदा ग्रुप’ स्थापन झाला, त्यात ते स्वतः होते आणि शांती दवे, ज्योती भट्ट, रतन परिमू हे त्यांचे विद्यार्थीही होते. गुरू-शिष्यांची चित्रे एकाच भिंतीवर लागली. १९६१ पासून फाइन आर्ट्स फेअर भरू लागला. तिथे सुब्रमण्यन यांच्यासारखे मोठे चित्रकार लाकडाची खेळणी करून मांडत. चित्राची किंमत ऐकून मागे फिरणारा मध्यमवर्गीय माणूसही तिथून कलावंताच्या हातची वस्तू घरी नेऊ शके. पुढे इंग्लंडचे चित्रकार टिमोथी हायमन बडोद्याला येऊन शिकवून गेले. आपल्या भूपेन खख्खरवर त्यांनी १९९८ साली पुस्तक लिहिले.

या सगळ्याचा कणा म्हणजे वर्षअखेरचे प्रदर्शन. इथे परीक्षा केवळ उत्तरपत्रिकेवर होत नाही. वर्षभराचे काम विद्यार्थी स्वतः मांडतो, परीक्षक ते पाहतात आणि गावालाही ते पाहता येते. २००७ साली परीक्षेसाठी मांडलेल्या एका विद्यार्थ्याच्या कामावरून वाद पेटला आणि प्रकरण त्याच्या अटकेपर्यंत गेले. त्यावर मते वेगवेगळी असतील. पण शिकणाऱ्याचे काम तयार मालासारखे तोलू नये, एवढे तरी आपल्याला मान्य व्हावे. सुरात बसण्याआधी गळा चुकतोच. तसेच हाताचेही आहे.

गणपतीच्या मांडवात आपली मुले चित्रकला स्पर्धेला बसतात, बक्षिसेही मिळवतात. दहावीनंतर मात्र तो कागद माळ्यावर जातो. अशा मुलांना एकदा तरी हे वार्षिक प्रदर्शन दाखवावे. प्रवेश घ्यायचा की नाही, ते नंतर ठरेल. महाराजांनी कलेला राजवाड्याबाहेर आणले ते आपल्यासाठीच. पाहणारेच गेले नाहीत, तर उघड्या दाराचा उपयोग काय?