आकडा चुकीचा नव्हता! ओझोनच्या भोकाची गोष्ट

मी कोड लिहितो, तेव्हा एक नियम हमखास टाकतो: आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की त्याला 'संशयास्पद' म्हणायचं. आजची गोष्ट अशाच एका नियमाची.

आधी थोडं विज्ञान. सूर्याकडून येणाऱ्या अतिनील किरणांचे तीन प्रकार. यूव्ही-सी सगळ्यात घातक, पण ते हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन वरच्या वर शोषून घेतात. यूव्ही-बी बहुतेक ओझोन अडवतो. जे उरतं त्याने आपली त्वचा भाजते. यूव्ही-ए बरंचसं खाली पोचतं. आता गंमत बघा, डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीवर आणून ठेवला, तर थर होईल जेमतेम ३ मिलिमीटरचा! यालाच ३०० डॉबसन युनिट म्हणतात.

हे मोजायचं कसं? ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉबसन यांनी १९२०च्या दशकात यंत्र बनवलं. ओझोन जास्त शोषतो अशी एक तरंगलांबी, कमी शोषतो अशी दुसरी. खाली पोचलेल्या दोन्हींची तुलना केली की ओझोन किती ते कळतं.

अंटार्क्टिकात हॅली बे इथे ब्रिटिश लोक १९५७ पासून हेच मोजत होते. वर्षानुवर्षं, तेच कंटाळवाणं काम. ऑक्टोबरचा आकडा ३००च्या आसपास असायचा. १९८४पर्यंत तो २००च्या जवळ घसरला. जो फारमन यांना आधी यंत्रावरच शंका आली. दुसरं यंत्र मागवलं. त्यावरही तेच! शेवटी मे १९८५मध्ये फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांचा लेख 'नेचर'मध्ये आला.

मग नासाचा निंबस-७ उपग्रह १९७८ पासून वर फिरत होता, त्याला हे दिसलं नाही? 'सॉफ्टवेअरने आकडे फेकून दिले' असं सगळीकडे सांगितलं जातं. ते खरं नाही. १८०च्या खालचे आकडे फेकले जात नव्हते, त्यांच्यावर फक्त संशयाची खूण पडत होती. १९८४मध्ये पवन भारतीया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अंटार्क्टिकावर अशा खुणांचा ढीग दिसला. पडताळणीसाठी त्यांनी दक्षिण ध्रुवावरच्या केंद्राचे आकडे पाहिले, तर तिथे ३००! पुढे कळलं, चूक त्या केंद्राच्या आकड्यांत होती. पण तोवर फारमन पुढे गेले होते.

कारण काय, ते मोलिना आणि रोलंड यांनी १९७४मध्येच सुचवलं होतं: फ्रिज आणि स्प्रेमधले सीएफसी वायू. ते वर गेले की अतिनील किरणच त्यांना फोडतात, क्लोरीन सुटतं आणि ओझोन खातं. अंटार्क्टिकावरच्या अतिथंड ढगांनी हे इतकं वाढवलं, की त्याचा अंदाज कुणालाच नव्हता.

१६ सप्टेंबर १९८७ला माँट्रियल करार झाला, सीएफसी हळूहळू बंद झाले. अंटार्क्टिकावरचा थर २०६६च्या सुमारास पूर्ववत होईल असा अंदाज आहे.

आकडे फेकले नव्हते म्हणूनच भोक खरं असल्याचं, आणि ते अख्ख्या खंडाएवढं असल्याचं, उपग्रहाच्या जुन्या नोंदींतून दाखवता आलं. तेव्हापासून मी विचित्र आकडा डिलीट करत नाही. खूण करतो, आणि अधूनमधून त्या खुणा उघडून बघतो.

भेटू पुढच्या भागात!