होम थिएटरमध्ये संवाद नीट ऐकू येत नाहीत? आधी हे तपासा
"आवाज वाढव, काय बोलतायत तेच कळत नाही," असं आई म्हणायची. मी वाढवला की पुढच्याच मारामारीत खिडक्या थरथरायच्या. नवे स्पीकर घेणारच होतो, पण दोष मांडणीचा निघाला.

५.१ मध्ये बहुतेक संवाद सेंटर स्पीकरमधून येतात. माझा सेंटर टीव्ही युनिटच्या कप्प्यात पार आत ढकललेला होता. तो कडेपर्यंत पुढे ओढला, खाली रबराचा तुकडा देऊन तोंड कानांच्या दिशेने वर केलं. अर्धं काम तिथेच झालं! डावा-उजवा स्पीकर मधल्या रेषेपासून २२ ते ३० अंशांवर, ट्वीटर कानाच्या उंचीला. सराउंड बाजूला, किंचित मागे.

मग रिसीव्हर. ऑटो कॅलिब्रेशनचा माइक बसायच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवा, पंखा बंद करा. झाल्यावर मेनू उघडून बघाच, कारण छोट्या स्पीकरनाही तो कधीकधी 'लार्ज' ठरवतो. 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा. म्हणजे त्याखालचा बास सबवूफरकडे जातो. सेंटरची लेव्हल २-३ डेसिबलने वाढवायला हरकत नाही. रात्री डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन चालू केलं की स्फोट दबतात, कुजबुज ऐकू येते.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की बास वाढतो, पण घुमतोही. त्याची जागा शोधायला सबवूफरच सोफ्यावर ठेवा, बासचं गाणं लावा आणि जमिनीवर रांगत फिरा. जिथे बास स्वच्छ ऐकू येईल, तिथे तो ठेवायचा. घरचे हसतील, हसू द्या.