गोगलगाय कशाने मरते, आणि तिच्यासोबत आणखी कोण मरतं?

मी गोगलगायींवर पीएच.डी. करते असं कळलं की पावसाळ्यात नांदेड-लातूरकडचा माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो, "ताई, या कशाने मरतात?" प्रश्न रास्त आहे. पण या प्रश्नाचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास काढून बघितला, तर तो अर्धवट विचारलेला आहे असं लक्षात येतं. राहिलेला अर्धा असा: तिच्यासोबत आणखी कोण मरतं? घरात कुत्रं-मांजर, गोठ्यात वासरू आणि अंगणात कोंबड्या असतील, तर हा दुसरा अर्धा आधी विचारावा लागतो.

आज तोच इतिहास बघू. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिससाठी विषय शोधत असाल, तर 'संशोधनाचा प्रश्न' कसा घडतो किंवा बिघडतो, याचं हे एक चांगलं उदाहरण आहे.

ही इथली नाहीच

आपण जिला शंखी गोगलगाय म्हणतो ती मोठी, तपकिरी पट्ट्यांची जात म्हणजे आफ्रिकन राक्षसी गोगलगाय. शास्त्रीय नाव लिसाकॅटिना फुलिका. जुन्या पुस्तकांत अ‍ॅकॅटिना फुलिका असं सापडेल. मूळ पूर्व आफ्रिकेतली. तिथून हिंदी महासागरातल्या बेटांवर आणि मॉरिशसला पोहोचली. भारतात ती आणली विल्यम हेन्री बेन्सन यांनी. ते बंगालच्या मुलकी सेवेतले अधिकारी आणि शंख-शिंपल्यांचे अभ्यासक. १८४७ मध्ये त्यांनी मॉरिशसहून जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि चौरंगी भागातल्या एका बागेत त्या सोडल्या गेल्या.

म्हणजे हे संकट आणणारा माणूस अडाणी नव्हता, याच विषयाचा जाणकार होता. जीव कुतूहलापोटी आणला, पण तो इथे काय करेल हे कुणी विचारलं नाही. पुढे माल, रोपं, माती यांच्याबरोबर ती देशभर पसरली. आजही नर्सरीतून आणलेली कुंडी किंवा ट्रॉलीने आणलेलं शेणखत हाच तिचा घरात शिरायचा सोपा रस्ता आहे.

'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या माणसासाठी वापरतो. या प्राण्याची कुंडली बघितली तर ती त्यालाही लागू पडते. एकाच प्राण्यात नर आणि मादी दोन्ही अवयव, त्यामुळे मिलनानंतर दोघींनाही अंडी घालता येतात. एका वेळी शंभराच्या पुढे, कधी तीन-चारशे अंडी. ती साबुदाण्यासारखी दिसतात आणि ओलसर मातीत थोड्याच खोलीवर असतात. उन्हाळ्यात ही गोगलगाय शंखाचं तोंड पातळ पडद्याने बंद करून जमिनीत, दगडाखाली, बांधाच्या कपारीत निपचित पडते. पाऊस पडला की बाहेर.

लातूर, २०२२

२०२२ च्या जुलैमध्ये लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात नेमकं हेच झालं. सोयाबीन उगवून दोन पानांवर येतं न येतं तोच रात्रीतून रोपं फस्त. सकाळी शेतात जावं तर ओळीच्या ओळी गायब आणि मातीवर चिकट, चमकणारे माग. अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. एरवी आपण पाऊस, गारपीट, बोंडअळी यांच्या बातम्या वाचतो. त्या वर्षी गोगलगायीने केलेल्या नुकसानीसाठी सरकारला मदत जाहीर करावी लागली.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने शेतकऱ्यांना सल्ले दिले. त्यात गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं रात्री शेतात पसरून सकाळी त्याखालच्या गोगलगायी गोळा करायच्या, त्या साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, असं होतं. आणि मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही होत्या. गावोगावी जास्त चर्चा झाली ती गोळ्यांची. शेतातून उरलेली पुडी मग घरी येते, आणि तुळशीजवळ, मोगऱ्याच्या कुंडीत चार दाणे टाकले जातात. आपला विषय इथून सुरू होतो.

गोळीची गोष्ट

मेटाल्डिहाइड हे मुळात कीटकनाशक म्हणून शोधलेलंच नाही. ते एक घन इंधन. युरोपात छोट्या स्टोव्हसाठी 'मेटा' नावाच्या वड्या मिळायच्या. १९३० च्या दशकात लोकांच्या लक्षात आलं, की या वड्या पडल्या तिथे गोगलगायी मरून पडतात. मग कोंड्यात कालवून त्याचं आमिष तयार झालं आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षं जगभर तेच चाललं.

'कशाने मरते?' या प्रश्नाला हे उत्तर उत्तम होतं. या औषधाने गोगलगायीच्या शेंबूड तयार करणाऱ्या पेशी फुटतात, अंगातलं पाणी निघून जातं आणि ती कोरडी पडून मरते. हवा दमट असेल किंवा पाऊस आला तर मात्र काही गोगलगायी पुन्हा तरतरीत होतात. आपल्याकडे गोगलगाय येतेच पावसात, हे इथे लक्षात ठेवा.

आता दुसरा अर्धा. आमिष कोंड्याचं, गोडसर. कुत्र्याला ते खाण्यासारखं वाटतं. खाल्ल्यावर काही तासांतच अस्वस्थपणा, लाळ, थरथर, झटके आणि प्रचंड ताप. यावर खास उतारा नाही. पशुवैद्य फक्त झटके आणि ताप आटोक्यात ठेवतात आणि पोट रिकामं करायचा प्रयत्न करतात. त्यामुळे वेळ हाच उपचार. घरी ओकारी काढायच्या भानगडीत न पडता, गोळ्यांचं पाकीट सोबत घेऊन थेट दवाखाना गाठायचा. मांजर, कोंबड्या, गुरं, पक्षी यांनाही हाच धोका.

ब्रिटनमध्ये यावर बरीच वर्षं वाद चालला. २०१८ मध्ये बंदी जाहीर झाली, २०१९ मध्ये न्यायालयात ती टिकली नाही, २०२० मध्ये पुन्हा जाहीर झाली आणि २०२२ च्या मार्चअखेर मेटाल्डिहाइडचा उघड्यावरचा वापर तिथे थांबला. कारण दिलं गेलं ते पक्ष्यांना आणि सस्तन प्राण्यांना असलेल्या धोक्याचं. तारखा शेजारी ठेवून बघा. तिथे मार्चमध्ये गोळी बंद झाली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये लातूरचा शेतकरी ती शोधत कृषी सेवा केंद्राबाहेर उभा होता. यात त्याचा दोष काढायचा नाही. डोळ्यांदेखत पीक जाताना माणूस हाताला लागेल ते उचलतो. पण अंगणातल्या दहा कुंड्यांवर तशी आणीबाणी नसते.

शत्रूचा शत्रू

विष नको तर गोगलगाय खाणारा प्राणी आणा, हा मार्गही करून झालाय. १९५५ मध्ये हवाई बेटांवर राक्षसी गोगलगाय संपवायला फ्लोरिडाची युग्लँडिना रोझिया ही शिकारी गोगलगाय सोडली. १९७७ मध्ये ती ताहितीजवळच्या मोरेआ बेटावर नेली. राक्षसी गोगलगाय काही संपली नाही. मात्र मोरेआवरच्या पार्टुला नावाच्या छोट्या, स्थानिक गोगलगायी तिने दहा वर्षांत निसर्गातून पुसून टाकल्या. काही जाती आज उरल्यात त्या प्राणिसंग्रहालयांनी पाळून वाचवल्या म्हणून. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

मग जिंकलं कोण?

फ्लोरिडाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी आणल्या आणि आजीने त्या मायामीच्या बागेत सोडल्या. सात वर्षांत त्यांच्या १८ हजारांवर गोगलगायी झाल्या. १९७५ पर्यंत त्या संपवल्या, पण त्यासाठी दहा लाख डॉलर खर्च झाले. २०११ मध्ये मायामी परिसरात त्या पुन्हा सापडल्या. या वेळी दहा वर्षांत दीड लाखाहून जास्त गोगलगायी वेचल्या आणि २०२१ मध्ये त्या संपल्याचं जाहीर केलं. औषध तिथेही वापरलं, पण कणा होता तो घरोघरी जाऊन वेचण्याचा आणि वर्षानुवर्षं तपासणी करत राहण्याचा. गंमत म्हणजे गोगलगायी हुंगून शोधायला तिथे शिकवलेली कुत्री होती. आपण ज्याला वाचवायचं म्हणतोय, ते तिथे मोहिमेतलं कर्मचारी होतं! २०२२ च्या जूनमध्ये फ्लोरिडाच्याच दुसऱ्या भागात त्या परत निघाल्या, म्हणजे हे काम एकदा करून विसरायचं नाही.

घरगुती उपाय: दोन्ही प्रश्न लावून

आता आपल्याकडचे उपाय तपासू, प्रत्येकाला दोन्ही प्रश्न विचारून.

*मीठ* गोगलगायीच्या अंगातलं पाणी ओढून घेतं, ती मरते. पण मातीवर टाकलं तर झाडही मरतं, आणि कुत्र्याने जास्त मीठ चाटलं तर त्यालाही विषबाधा होते. बादलीतल्या पाण्यात घाला, मातीत नको.

*चुन्या*ने तिला अडवता येतं, पण तो ओला असताना पंजे आणि डोळे भाजतो. पाऊस आला की अडथळाही संपला. शिवाय शंख बांधायला तिला कॅल्शियम लागतं, म्हणून ती भिंतीवरचा वाळलेला चुना खरवडून खाते.

*मोरचूद* मेंढ्यांना फार लवकर बाधतं. *तंबाखूच्या पाण्यात* निकोटिन असतं, ते कुत्र्या-मांजरांना विषच. घरगुती म्हणजे निर्धोक, हे समीकरण इथे मोडतं.

*राख* कोरडी असेपर्यंत ठीक. *अंड्याची टरफलं* आणि *तांब्याची पट्टी* यांची इंटरनेटवर फार ख्याती आहे. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये लेट्यूसवर यांची आणि आणखी काही अडथळ्यांची चाचणी घेतली. काहीच न केलेल्या झाडांच्या तुलनेत फरक दिसला नाही. चाचणी तिथल्या जातींवरची आहे, आपल्या राक्षसी गोगलगायीवरची नाही. हे वाचताना तुमच्या डोक्यात एखादा प्रयोग आला असेल तर चांगलंच!

*आयर्न फॉस्फेट*च्या गोळ्या अमेरिकेत १९९७ पासून नोंदणीकृत आहेत आणि मेटाल्डिहाइडपेक्षा बऱ्याच सौम्य. पण कुत्र्याने डबाभर खाल्ल्या तर त्याही त्रास देतात. 'सुरक्षित' हा शब्द मात्रेशिवाय वाचायचा नाही.

अंगणात काय करायचं?

पहिल्या मोठ्या पावसानंतरचे दोन-तीन आठवडे सगळ्यात महत्त्वाचे, कारण तेव्हा मोठ्या गोगलगायी बाहेर आलेल्या असतात आणि पुढची अंडी अजून यायची असतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं पोतं संध्याकाळी कुंपणाजवळ टाका. कुत्रं बांधलेलं असेल किंवा पोहोचणार नाही अशी जागा बघा. रात्री एकदा टॉर्च घेऊन आणि पहाटे एकदा फिरून चिमट्याने वेचा, साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या झाकणवाल्या बादलीत टाका, मेल्यावर खड्ड्यात पुरा. पोत्यावरचं गुळाचं पाणी साधं आहे, त्यात कोणतंही औषध मिसळायचं नाही.

हातमोजे किंवा पिशवी वापराच. या गोगलगायीत उंदरांच्या फुप्फुसातल्या कृमीच्या अळ्या असू शकतात. त्या माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणतात आणि कुत्र्यालाही आजारी पाडतात. म्हणून कुत्र्याला गोगलगाय चघळू देऊ नका, त्याची खाण्या-पिण्याची भांडी रात्री आत घ्या, पालेभाजी नीट धुवा.

झाडांना पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घाला, म्हणजे रात्री माती कमी ओली राहील. विटांचे ढीग, फुटक्या कुंड्या, पालापाचोळा भिंतीलगत साठू देऊ नका. नवीन कुंडी आणि शेणखत आत आणण्याआधी उकरून अंडी बघा. आणि भारद्वाज अंगणात येत असेल तर त्याला येऊ द्या. तो गोगलगायी खातो आणि त्यासाठी त्याला कुठून आणावं लागत नाही.

हे सगळं कंटाळवाणं आहे, मान्य. गोळी एका मिनिटाचं काम आहे आणि वेचणं पंधरा रात्रींचं.

तुमच्यासाठी

बेन्सन, मेटा वडी, मोरेआ: तिन्ही ठिकाणी माहितीची तेवढी उणीव नव्हती, प्रश्न अपुरा होता. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'अमुक घटकाचा तमुक किडीवर परिणाम' असं शीर्षक असेल, तर त्याच पानावर एक ओळ वाढवा: याचा परिणाम आणखी कुणावर होईल आणि तो मी कसा मोजणार? मार्गदर्शक विचारतीलच, त्याआधी तुम्ही विचारलेला बरा.

आणि प्रयोगशाळा मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. या पावसाळ्यात अंगणाचे दोन भाग करा. एका बाजूला रोज वेचा, दुसऱ्या बाजूला फक्त मोजा. चौदा रात्री, ठरलेल्या वेळी, पावसाची नोंद घेऊन वहीत आकडे लिहा. दुसऱ्या बाजूची झाडं थोडी कुरतडली जातील; तुलनेसाठी तेवढं सोसावं लागतं. आकडे हातात आले की 'कशाने मरतात?' असं विचारणाऱ्या शेजाऱ्याला तुमच्याकडे स्वतः मोजलेलं उत्तर असेल, आणि त्याचं कुत्रंही अंगणात नेहमीसारखं हुंदडत असेल.