आपोआप चालणाऱ्या कामांची यादी

प्रोग्राम बरोबर होता, तरी स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ त्यातली चूक शोधण्यात गेली. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. वैतागून ते बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे आले. फेल्डमनही आदल्या संध्याकाळी अशाच घोळात अडकले होते. त्यातून १९७६ साली ‘मेक’ तयार झालं. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे ते मेकफाइलीत लिहून ठेवायचं; बदल झाला असेल तेवढंच काम मेक पुन्हा करतं. पुढे २००३ साली फेल्डमन यांना यासाठी एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

मेकमधल्या टॅबबद्दल लोक अजून कुरकुरतात. मला खटकते ती उणीव दुसरीच आहे: या फाइलीत कोणकोणती कामं आहेत, हे सांगायची सोय मूळ मेकमध्ये नव्हती. मग वापरणाऱ्यांनीच तोड काढली. टार्गेटच्या ओळीवर दोन हॅश देऊन पुढे वर्णन लिहायचं आणि ‘हेल्प’ नावाचं एक टार्गेट ठेवून ग्रेप आणि ऑकने त्या ओळी वेचायच्या. मी पुण्यात बिल्ड आणि रिलीजचं काम करते. जुना प्रकल्प हाती आला की आधी ‘मेक हेल्प’ चालवून बघते. काही छापून आलं, की आधीच्या माणसाने मागून येणाऱ्यांचा विचार केला होता हे कळतं, आणि त्याच्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचीही तीच तऱ्हा. ‘क्रॉनटॅब -एल’ म्हटलं की यादी मिळते, पण आपल्याच खात्याची. दुसऱ्या खात्यांवरची, यंत्रणेच्या फोल्डरांत ठेवलेली कामं वेगळी शोधावी लागतात. रूबीवाल्यांसाठी जिम वाइरिख यांनी मेकसारखंच रेक लिहिलं, त्यात मात्र ‘रेक -टी’ ही आज्ञाच आली. वर्णन लिहिलं असेल तरच काम त्या यादीत दिसतं. मला ही अट फार आवडते: काम दिसायला हवं असेल, तर ते कशासाठी आहे हे आधी सांगा.

मग सन कंपनीतल्या कोहसुके कावागुची यांचं हडसन हे बिल्ड चालवणारं सर्व्हर आलं. २०११ पासून आपण त्याला जेन्किन्स म्हणतो. पहिल्याच पानावर सगळ्या कामांची यादी आणि प्रत्येकापुढे ऊन, ढग नाहीतर वादळाचं चित्र. अलीकडचे किती बिल्ड यशस्वी झाले त्यावरून. यादी उत्तम होती, पण कामाचा तपशील वेबपानावरच्या फॉर्ममध्ये भरलेला आणि सर्व्हरवर साठवलेला असे. कोड एकीकडे, त्याचं बिल्ड कसं करायचं हे दुसरीकडे. सर्व्हर गेला की ते ज्ञानही गेलं. ट्रॅव्हिससारख्या सेवांनी हा तपशील रेपॉझिटरीतच एका फाइलीत आणला आणि २०१९ साली सर्वांना खुल्या झालेल्या गिटहब अ‍ॅक्शन्सने त्या एका फाइलीच्या जागी एक फोल्डर आणलं. हा बदल मला योग्यच वाटतो: कोणी, कधी, का बदललं हे कमिटमध्ये दिसतं. पण फोल्डरात फाइली साचत जातात आणि नव्याने आलेल्याला प्रत्येक उघडून बघावी लागते.

गिटहबच्या स्वतःच्या कमांड लाइन साधनात वर्कफ्लोंची, म्हणजे या फाइलींतल्या कामांची, यादी मिळते: नाव, स्थिती, क्रमांक. ते काम कधी आणि कशामुळे सुटतं, हे तिच्यात नाही. म्हणून मी स्वतःचं साधन लिहायला घेतलं. फोल्डरातल्या यॅमल फाइली वाचायच्या आणि एकेका ओळीत नाव, ट्रिगर, वेळ आणि लागणारी सिक्रेट्स मांडायची. पहिलाच अडथळा ‘ऑन’ या कळीचा. पायथनमधलं नेहमीचं यॅमल वाचक जुन्या नियमाने ‘ऑन’ला ‘खरं’ हे मूल्य समजतं, म्हणून ट्रिगर शोधायला गेलं तर त्या नावाची कळच सापडत नाही. ती ‘खरं’ खाली बघावी लागते. नाव दिलेलंच नसेल, तर गिटहबप्रमाणे फाइलीचा पत्ता दाखवायचा.

वेळेच्या रकान्यावर मी सर्वांत जास्त मेहनत घेतली. फाइलीतलं वेळापत्रक, वेगळं काही सांगितलं नसेल तर, यूटीसीत असतं. तिथले साडेअठरा म्हणजे आपली मध्यरात्र. हा हिशेब दर वेळी माणसाने डोक्यात का करावा? माझ्या यादीत दोन्ही वेळा शेजारी येतात.

शिवाय सार्वजनिक रेपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल झाली नाही, तर गिटहब वेळापत्रकावरची कामं बंद करतं. फाइल जागच्या जागी असते, काम मात्र थांबलेलं असतं. ही स्थिती फाइलीत नसल्यामुळे गिटहबलाच विचारावी लागते. त्यांच्या साधनाच्या यादीत बंद केलेली कामं मुद्दाम मागितल्याशिवाय येत नाहीत. माझ्या यादीत ती सगळ्यात वर येतात, बंद पडण्याच्या कारणासकट.