ईश्वरी कोप आणि सर्वज्ञता : लॅक्टॅन्शियसच्या एका ग्रंथाचा विचार

इ. स. ३०३ च्या २३ फेब्रुवारीस निकोमीडिया येथील ख्रिस्ती प्रार्थनामंदिर सम्राट डायोक्लीशियनच्या आज्ञेने जमीनदोस्त करण्यात आले, आणि दुसऱ्याच दिवशी ख्रिस्ती धर्मीयांविरुद्धचे फर्मान लागले. याच नगरात लॅटिन वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक म्हणून सम्राटाने नेमलेला लॅक्टॅन्शियस हा आफ्रिकेतील पंडित राहत होता. पुढे दहाएक वर्षांनी, छळाचे पर्व संपल्यावर, त्याने ‘ईश्वराचा कोप’ या विषयावर एक छोटा ग्रंथ लिहिला आणि तो डोनाटस नावाच्या गृहस्थास उद्देशून लिहिला. छळकर्त्यांच्या मृत्यूंवरील त्याचा दुसरा ग्रंथही डोनाटसलाच उद्देशून आहे. हा डोनाटस सहा वर्षे तुरुंगात होता व नऊ वेळा त्याचे हाल करण्यात आले, असे त्या दुसऱ्या ग्रंथावरून कळते. दोन्ही डोनाटस एकच, असे सामान्यतः मानले जाते. ते मान्य केल्यास, ईश्वराला राग येतो की नाही हा प्रश्न या ग्रंथापुरता केवळ शाळेतील वादविषय राहत नाही. ज्याच्या अंगावर आसूड पडले, त्याला दिलेले ते उत्तर ठरते.

प्रश्न मात्र जुना होता. सुखी व अविनाशी असलेल्या सत्तेला स्वतः त्रास नसतो व ती इतरांस त्रास देत नाही, म्हणून तिच्या ठिकाणी राग नाही आणि लोभही नाही, असे एपिक्युरसचे मत होते. स्टोइकांनी यातील अर्धाच भाग स्वीकारला : ईश्वर कृपा करतो, कोपत नाही. त्यांच्या दृष्टीने राग हा चित्ताचा विकार होय. सेनेकाने रागावर जो प्रबंध लिहिला त्यात विलंब हाच रागावरील सर्वोत्तम उपाय सांगितला आहे, आणि त्यामागील तर्क ध्यानात घेण्याजोगा आहे. पुरते समजण्यापूर्वीच निवाडा करणे हा रागाचा स्वभाव असल्यामुळे, थांबले म्हणजे समजते आणि समजले म्हणजे राग ओसरतो. तेव्हा ज्याला आधीपासूनच सर्व समजलेले आहे त्याच्या ठिकाणी राग उत्पन्न व्हावा कशातून? शिवाय ज्ञानी पुरुषाला अपमान स्पर्श करीत नाही असेही सेनेकाने अन्यत्र प्रतिपादिले आहे. मग जे ज्ञानी मनुष्याला लागू, ते ईश्वराला अधिकच लागू.

बायबलच्या वाचकांपुढे ही अडचण विशेष तीव्रतेने उभी राहिली. कारण त्या ग्रंथातील देव कोपतो, पश्चात्ताप पावतो, आणि लपलेल्या आदामाला ‘कोठे आहेस’ असेही विचारतो. अलेक्झांड्रियाच्या फायलोने पहिल्या शतकात यावर तोड काढली ती अशी, की मंदबुद्धी जनांना धाकात ठेवण्यासाठी ही भाषा योजिली आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेनने सेल्ससच्या उपहासाला उत्तर देताना लेकरांशी बोलणाऱ्या पित्याचा दाखला देऊन हीच वाट अधिक रुंद केली. मार्सियनला मात्र अशी मलमपट्टी नको होती. रोमच्या ख्रिस्ती मंडळीतून इ. स. १४४ मध्ये बाहेर पडलेल्या या विचारवंताने सरळ दोन देव मानले : एक जग निर्माण करणारा, कोपिष्ट व अज्ञानी, दुसरा केवळ चांगला, जो रागावत नाही आणि न्यायही करीत नाही. कोप व अज्ञान यांची सांगड त्याने जितक्या स्पष्टपणे घातली तितकी दुसऱ्या कोणी क्वचितच घातली असेल. टर्टुलियनने मार्सियनच्या खंडनार्थ पाच खंड लिहिले. आदामाला विचारलेला प्रश्न अज्ञानातून आलेला नसून कबुलीची संधी देणारा आहे, हे त्याचे उत्तर चतुर आहे. परंतु खरा घाव दुसरीकडे बसला. जो देव एखादी गोष्ट वर्ज्य ठरवितो, पण ती घडली असता ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्या निषेधाला अर्थ कोणता, असा त्याचा सवाल होता.

लॅक्टॅन्शियसचा गुरू आर्नोबियस (ही परंपरा जेरोमने नोंदविली आहे) या वादात नेमका विरुद्ध बाजूला होता, हा योगायोग मौजेचा आहे. ख्रिस्ती लोकांमुळे देवांचा कोप होऊन दुष्काळ व रोगराई येते, हा त्या काळचा सार्वत्रिक आरोप होता. त्यावर आर्नोबियसचे उत्तर असे, की जे खरोखर देव असतील ते रागावणारच नाहीत. कारण विकार जेथे, तेथे नाश. आरोप परतविण्यास हे शस्त्र उत्तम होते. मात्र त्याची धार दुसऱ्या बाजूनेही होती, हे शिष्याच्या लक्षात आले.

लॅक्टॅन्शियस चार पर्याय मांडतो : केवळ कोप, केवळ कृपा, दोन्ही नाहीत, किंवा दोन्ही आहेत. पहिला कोणीच मानीत नाही. एपिक्युरसचे मत निदान सुसंगत आहे, असे तो कबूल करतो. स्टोइकांचे मत मात्र त्याला टिकण्यासारखे वाटत नाही. ज्याला सज्जन प्रिय त्याला दुर्जन अप्रिय असलाच पाहिजे. (संस्कृतातील ‘राग’ म्हणजे आसक्ती मराठीत येऊन क्रोधवाचक झाली, या युक्तिवादाला एवढा अनुकूल शब्द लॅटिनमध्ये नव्हता.) यानंतर तो रागाची व्याख्याच बदलतो. सूड घेण्याची इच्छा ही तत्त्वज्ञांची व्याख्या अन्याय्य रागाची आहे. न्याय्य राग म्हणजे पापाला आवर घालण्यासाठी उठणारी चित्ताची हालचाल. घरचा धनी नोकराचा अपराध पाहतो तो स्वतःला इजा झाली म्हणूनच नव्हे. या प्रकरणात त्याने सेनेकाची जी वचने उद्धृत केली, त्यांच्याच आधारे सेनेकाच्या प्रबंधातील गळालेला भाग आज संपादक भरून काढतात.

या बदलाने सर्वज्ञतेचे स्थान पार उलटे होते. सेनेकाच्या विचारात ज्ञान रागाला विझविते; लॅक्टॅन्शियसच्या विचारात ज्ञानामुळेच रागाला विषय मिळतो. राजाचा दंड उघड गुन्ह्यापर्यंत पोचतो. गुप्तपणे केलेले पाप पाहणारा जर कोणी असेल आणि पाहूनही तो अविचल राहत असेल, तर एकतर त्याला ते मान्य आहे किंवा सुधारण्याचे कष्ट त्याला नको आहेत. जाणणे व न हलणे यांचा मेळ त्याला निर्विकारतेपेक्षा संमतीच्या अधिक जवळचा वाटला. कोप ईश्वरावर स्वार होत नाही, ईश्वरच त्याचे नियमन करतो, एवढी मर्यादा त्याने घातली आहे.

तथापि लॅक्टॅन्शियसची व्याख्या त्याच्याच इतिहासलेखनात टिकत नाही, हे नोंदविणे प्राप्त आहे. सम्राट गॅलेरियस इ. स. ३११ मध्ये सहिष्णुतेचे फर्मान काढून काही दिवसांतच मरण पावला. त्याच्या किळसवाण्या रोगाचे वर्णन लॅक्टॅन्शियस ज्या चवीने करतो ती सुधारणेची नव्हे. सुधारण्यासाठी उठणारा कोप येथे सरळ वसुली करतो. शिवाय फर्मान मागे घेणाऱ्या माणसाला मृत्यूच का, हा प्रश्न उरतोच. कोप सुधारणेने शमतो, असे त्यानेच दुसऱ्या ग्रंथात लिहिले आहे. डोनाटसच्या जखमांची आठवण ठेवून वाचल्यास ही विसंगती समजते, पण मिटत नाही.

पाचव्या शतकात ऑगस्टीनने ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथात या वादाला जे वळण दिले तेच पश्चिमेत रूढ झाले. ईश्वराचा कोप म्हणजे त्याच्या चित्ताची खळबळ नव्हे, तर पापाला शिक्षा ठरविणारा निवाडा होय. तो स्वतः न बदलता बदलणाऱ्या वस्तूंना हलवितो. मराठीत साथीच्या रोगाला ‘देवीचा कोप’ म्हणताना देवीच्या मनात काय चालले आहे याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तेथे कोप म्हणजे भोगणाऱ्याच्या वाट्याला आलेले फळ. ऑगस्टीनची व्याख्या या अर्थाच्या बरीच जवळ येते. तिने सर्वज्ञता व अविकार्यता ही दोन्ही सांभाळली. पण विकार गेला तरी दंड जसाच्या तसा राहिला. आणि अन्याय पाहून ईश्वराला काही वाटते, हे जे लॅक्टॅन्शियसला डोनाटसपाशी बोलता आले, ते या व्याख्येतून बोलता येत नाही.